व्हाउचर घेऊन आलेल्या भाडेकरूला घर द्यावे का?

न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीत राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश असा:

पतिपत्नी दोघेही नोकरी करतात. मोठे घर घेतल्यावर आधीचे दोन बेडरूमचे, १९७० च्या दशकात बांधलेले टाउनहाउस त्यांनी विकले नाही, भाड्याने दिले. आयटीत काम करणारे तिथले तरुण जोडपे नुकतेच घर सोडून गेले आणि नव्या भाडेकरूचा शोध सुरू झाला. मागणी महिना २,३०० डॉलरची आहे. पाहायला आलेल्यांपैकी एक बाई त्यांना मनापासून पसंत पडल्या. शाळेच्या कॅफेटेरियात नोकरी, चार आणि नऊ वर्षांची दोन मुले, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे लावलेली कागदपत्रे आणि त्यात आधीच्या घरमालकाचे पत्रही. निघताना त्या म्हणाल्या, ‘माझ्याकडे हाउसिंग ऑथॉरिटीचे व्हाउचर आहे, चालेल ना?’ म्हणजे भाड्याचा काही हिस्सा स्थानिक सरकारी गृहनिर्माण कचेरी भरणार. भगिनींनी ‘कळवते’ म्हणून वेळ मारून नेली. पती म्हणतात, ‘जागा गेली म्हणून सांगून टाक.’ मैत्रिणी म्हणतात, सेक्शन एटच्या, म्हणजे या व्हाउचर योजनेच्या, फंदात पडू नकोस. घराची वाट लागते, सरकारी पैसे वेळेवर येत नाहीत, आणि एकदा आत आलेले बाहेर निघत नाहीत. त्यात भर म्हणजे पुण्यात वडिलांच्या वाड्यातला भाडेकरू तुटपुंज्या भाड्यात वर्षानुवर्षे राहिला आणि कोर्टातली केस वडिलांच्या पश्चातही संपली नाही, हे त्यांनी लहानपणापासून पाहिले आहे. त्या विचारतात, ‘मदत करावीशी वाटते, पण स्वतःच्या पोटाला चिमटा काढून समाजसेवा करायची का? आणि नाही म्हणायचे तर कोणत्या शब्दांत म्हणू?’

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण त्याच्या उत्तरावर बाकीचे बरेच अवलंबून आहे. केवळ व्हाउचर आहे या कारणासाठी नाही म्हणायचे असेल, तर त्यासाठी योग्य शब्द नाहीत, कारण न्यू जर्सीत तसे म्हणण्याची मुभाच नाही. भाड्याचा काही हिस्सा सरकारी मदतीतून येणार आहे एवढ्यावरून घरमालकाला भाडेकरू नाकारता येत नाही, हे इथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच स्पष्ट केले, आणि २००२ पासून ही तरतूद राज्याच्या भेदभावविरोधी कायद्याचा भाग आहे. दोन घरांच्या इमारतीत एका घरात मालक स्वतः राहत असेल आणि दुसरे भाड्याने देत असेल, तर त्याला यातून सूट आहे. तुम्ही त्या टाउनहाउसमध्ये राहत नाही, म्हणून ती सूट तुम्हाला लागू नाही. ‘जागा गेली’ असे सांगून जाहिरात तशीच चालू ठेवणे हा तर सरळसरळ पुरावा तयार करण्याचा प्रकार आहे. असे प्रकार शोधण्यासाठी गृहहक्क संस्थांचे लोक भाडेकरू बनून फोन करतात, आणि पहिल्याच उल्लंघनाला दहा हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. तुमच्या यजमानांच्या मनात काही वाईट आहे असे मला वाटत नाही. भिडस्त माणूस नकार देताना असेच काहीतरी बोलून जातो. पण या बाबतीत ती भीड महागात पडेल.

इतर राज्यांतल्या वाचकांसाठी एक खुलासा करायला हवा. १९६८ च्या केंद्रीय गृहभेदभाव कायद्यात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व वगैरे आधार आहेत, उत्पन्नाचा स्रोत हा आधार नाही. त्यामुळे हे संरक्षण राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, मॅसॅच्युसेट्स, इलिनॉय, वॉशिंग्टन या राज्यांत ते आहे. टेक्ससमध्ये उलट असा नियम शहरांनी करू नये असाच राज्याचा कायदा आहे. तेव्हा डॅलसच्या आतेभावाने त्याच्या अनुभवावरून दिलेला सल्ला न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये चालवू नये.

याचा अर्थ त्या बाईंना घर दिलेच पाहिजे, असा मात्र नाही. तुमची निवड शाबूत आहे, फक्त ती सर्वांना लावलेल्या एकाच मापाने व्हायला हवी. हाउसिंग ऑथॉरिटी एखादे कुटुंब मदतीस पात्र आहे का एवढे तपासते. ते चांगले भाडेकरू ठरेल का, हे पाहणे ती तुमच्यावर सोडते. आधीच्या घरमालकाला फोन करा, भाडे वेळेवर मिळत होते का, घर कशा अवस्थेत परत मिळाले, शेजाऱ्यांची काही तक्रार होती का, हे विचारा. आधीच्या आणि सध्याच्या घरमालकाचे नाव-पत्ता ऑथॉरिटीकडे असेल तर तो मागण्याचाही तुम्हाला हक्क आहे. गुन्हेगारी पार्श्वभूमीची चौकशी मात्र न्यू जर्सीत आधी करता येत नाही. सशर्त होकार दिल्यानंतरच ती करायची असते. आणि ‘भाड्याच्या तिप्पट उत्पन्न हवे’ ही आपल्याकडे सर्रास लावली जाणारी अट इथे संपूर्ण भाड्याला लावायची नाही, बाईंच्या स्वतःच्या वाट्यालाच लावायची. हे ऐकून अनेक घरमालक चमकतात, पण त्यामागचा तर्क साधा आहे: उरलेला वाटा त्यांच्या पगारातून येणारच नाही.

तो वाटा नक्की कसा ठरतो, हे नीट समजून घ्या. कारण तुमच्या पत्रातली निम्मी भीती आकडे माहीत नसल्यामुळे आहे असे मला वाटते.

ही योजना १९७४ च्या कायद्याने आली. १९३७ च्या गृहनिर्माण कायद्यातल्या आठव्या कलमाखाली ती बसवली गेली, म्हणून लोकांच्या तोंडी सेक्शन एट हे नाव राहिले. आताचे अधिकृत नाव हाउसिंग चॉइस व्हाउचर असे आहे. सरकारने स्वतः इमारती बांधून गरिबांना तिथे ठेवण्याऐवजी, कुटुंबाने खुल्या बाजारात घर शोधावे आणि सरकारने भाड्यातला फरक भरावा, ही त्यामागची कल्पना. पैसा केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडून येतो, कारभार स्थानिक हाउसिंग ऑथॉरिटी पाहते. न्यू जर्सीत राज्याचे कम्युनिटी अफेअर्स खातेही व्हाउचर चालवते. ऑथॉरिटी प्रत्येक आकाराच्या घरासाठी एक कमाल मदतमर्यादा ठरवते, तिला पेमेंट स्टँडर्ड म्हणतात. केंद्र सरकार दरवर्षी त्या भागाचे फेअर मार्केट रेंट जाहीर करते. पेमेंट स्टँडर्ड साधारणपणे त्याच्या ९० ते ११० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावे लागते. हे फेअर मार्केट रेंट विजेगॅसचा खर्च धरून काढतात आणि ते बाजारातल्या मध्यापेक्षा थोडे खालचे असते, म्हणजे शंभरांपैकी चाळीस घरांचे भाडे त्याच्या आत बसेल असे.

आता समजा, तुमच्या भागात दोन बेडरूमसाठी पेमेंट स्टँडर्ड २,२०० डॉलर आहे, आणि ऑथॉरिटीने वजावटी करून त्या बाईंचे मासिक उत्पन्न २,२०० धरले आहे. हे आकडे समजावण्यापुरते आहेत, खरे आकडे ऑथॉरिटीच सांगेल. त्या उत्पन्नाचे ३० टक्के म्हणजे ६६० डॉलर हा कुटुंबाचा मूळ वाटा. वीज, गॅस, पाणी भाडेकरूने भरायचे असेल तर त्याचा अंदाज, समजा १५० डॉलर, भाड्यात मिळवतात. तुम्ही भाडे २,०५० ठेवले तर एकूण खर्च २,२०० होतो, ऑथॉरिटी १,५४० थेट तुमच्या खात्यात जमा करते, बाई तुम्हाला ५१० देतात आणि बिले स्वतः भरतात. तुम्हाला मिळतात पूर्ण २,०५०.

तुमची मागणी २,३०० ची आहे. तिच्यात १५० मिळवले की २,४५० होतात, ऑथॉरिटी मात्र १,५४० च्या वर जाणार नाही, म्हणजे कुटुंबावर ९१० डॉलरचा भार येतो. इथे एक नियम आडवा येतो: नव्या घरात शिरताना भाडे पेमेंट स्टँडर्डच्या वर असेल, तर कुटुंबाचा वाटा उत्पन्नाच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. इथे ते ८८० होतात. तीस डॉलरसाठी प्रस्ताव नामंजूर होईल. भाडे २,२७० केलेत तर तोच प्रस्ताव या कसोटीवर बसतो. त्याशिवाय शेजारपाजारच्या तशाच, व्हाउचर नसलेल्या घरांच्या तुलनेत तुमचे भाडे वाजवी आहे का, हे ऑथॉरिटी वेगळे तपासते. म्हणून ‘आपला आकडा बसतो की नाही’ हा प्रश्न अंदाजाने सोडवू नका आणि त्याच कारणाने बाईंना परत पाठवूही नका. प्रस्तावाचा अर्ज भरून दिला की हिशोब ऑथॉरिटीच करून देते. बाजारात २,३०० सहज मिळत असतील तर केवळ व्हाउचरसाठी भाडे उतरवण्याची सक्ती तुमच्यावर नाही. पण घर एक महिना रिकामे राहिले तर वर्षभराच्या तीस तीस डॉलरच्या कितीतरी पट रक्कम हातची जाते, हेही त्याच कागदावर मांडून पाहा.

आता पुण्याचा वाडा. तुमच्या वडिलांची व्यथा खरी आहे, आणि तुमच्या पिढीतल्या पुष्कळ मराठी घरमालकांच्या मनात ती घर करून बसली आहे. पण ती व्यथा कशातून आली? १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली. महागाई वाढत गेली, भाडे तिथेच राहिले, आणि त्यामुळे जागा सोडणे भाडेकरूला परवडेनासे झाले. महाराष्ट्राचा नवा भाडे नियंत्रण कायदा २००० साली लागू झाला तेव्हाही जुन्या भाडेकरूंचे संरक्षण मोठ्या प्रमाणात तसेच राहिले, म्हणूनच तिकडे आजही लोक अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सला चिकटून असतात. व्हाउचरची रचना याच्या नेमकी उलट आहे. इथे घरमालकाला गोठवलेले नव्हे, बाजाराशी ताडून पाहिलेले भाडे मिळते, आणि कमी उत्पन्नाचा बोजा मालकाच्या खिशावर न टाकता सरकार स्वतः उचलते. पहिल्या लीजची मुदत, बहुधा एक वर्ष, संपल्यावर तुम्ही वाढ मागू शकता; किमान साठ दिवस आधी ऑथॉरिटीला कळवायचे आणि वाढ वाजवी ठरायची एवढीच अट. गावात स्थानिक भाडेनियंत्रण असेल तर तेही पाहावे लागेल.

‘आत आलेले बाहेर निघत नाहीत’ याबद्दल एक गोष्ट तुमच्या मैत्रिणींनी बहुधा तुम्हाला सांगितलेली नाही. न्यू जर्सीचा निष्कासनविरोधी कायदाही १९७४ चाच आहे आणि तो तुमच्या आयटीतल्या जोडप्यालाही तितकाच लागू होता. मालक स्वतः राहतो अशी लहान घरे वगळली, तर या राज्यात लीज संपली म्हणून कोणत्याही भाडेकरूला बाहेर काढता येत नाही, कायद्यात दिलेले कारण लागते: भाडे न भरणे, नासधूस, वारंवार त्रास, मालकाला स्वतः राहायचे असणे अशी काही. ते जोडपे आपणहून गेले म्हणून हा कायदा तुमच्या लक्षात आला नाही. व्हाउचरवाल्या भाडेकरूने स्वतःचा वाटा थकवला तर कोर्टाचा मार्ग तोच आहे. फरक एवढाच की नोटिशीची प्रत ऑथॉरिटीलाही द्यावी लागते, आणि ऑथॉरिटीचा वाटा थकला तर त्याबद्दल भाडेकरूला जबाबदार धरता येत नाही. लीजचा गंभीर भंग केला तर त्या कुटुंबाचे व्हाउचरही जाऊ शकते, आणि ते पुन्हा मिळणे जवळजवळ अशक्य असते. घर नीट ठेवण्यामागे त्या बाईंचे केवढे हितसंबंध गुंतलेले आहेत, याचा विचार ‘घराची वाट लागते’ म्हणणाऱ्यांनी करावा. ऑथॉरिटी नुकसानभरपाई साधारणतः देत नाही, हे मात्र खरे. त्यासाठी डिपॉझिट आहे. ते इतर कोणाकडून घ्याल तसेच, दीड महिन्याच्या भाड्यापर्यंत घ्या, व्याजी खात्यात ठेवा, आणि चावी देण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो काढा.

तर मग त्रास कुठे आहे? तो आहेच, आणि मी तो लपवणार नाही. फक्त तुम्ही तो माणसात शोधता आहात, आणि तो आहे कचेरीच्या वेळापत्रकात.

सर्वात जिकिरीचे पहिले पाचसहा आठवडे असतात. तुम्ही आणि भाडेकरू मिळून प्रस्तावाचा अर्ज भरता, ऑथॉरिटी भाडे तपासते, मग इन्स्पेक्टर येतो, घर पास झाले की लीजवर सह्या होतात आणि ऑथॉरिटी तुमच्याशी स्वतंत्र करार करते. लहान ऑथॉरिटीने पंधरा दिवसांत तपासणी करावी असा दंडक आहे. मोठ्यांना तितकी कडक मुदत नाही, त्यामुळे कधी लवकर तर कधी रेंगाळत होते. या काळात घर रिकामे राहते आणि त्याचे भाडे कोणी देत नाही. दयेपोटी किंवा घाईपोटी ‘तुम्ही राहायला या, कागद होत राहतील’ असे मुळीच म्हणू नका: घर पास होण्यापूर्वीच्या दिवसांचे पैसे ऑथॉरिटी सहसा देत नाही, आणि ते बाईंकडून वसूल करणे म्हणजे त्यांच्या संसाराची सुरुवातच कर्जाने करणे होईल. पहिला हप्ताही पुष्कळदा उशिरा, मागच्या तारखेपासूनचे पैसे एकत्र करून येतो. त्यामुळे दोन महिन्यांचा मॉर्गेज हप्ता हाताशी असू द्या. एकदा गाडी रुळावर आली की मग दर महिन्याच्या सुरुवातीला रक्कम थेट खात्यात पडते, आणि बाईंची नोकरी गेली तरी तुमचे एकूण भाडे तेच राहते. त्यांचा वाटा घटतो, ऑथॉरिटीचा वाढतो. आयटीतल्या जोडप्याच्या बाबतीत अशी हमी तुम्हाला कोणी दिली होती?

तपासणीचा बाऊ होतो, पण नापास होण्याची कारणे बहुतेक वेळा हास्यास्पद वाटावीत इतकी बारीक असतात. सोफ्यामागच्या सॉकेटची झाकणी तुटलेली, स्मोक अलार्मची बॅटरी काढून ठेवलेली, बेसमेंटच्या जिन्याला कठडा नाही, बेडरूमच्या खिडकीची कडी लागत नाही, गॅसच्या चार बर्नरपैकी एक पेटत नाही, सिंकजवळच्या सॉकेटला ओलाव्यात आपोआप बंद होण्याची सोय नाही. इन्स्पेक्टर येण्याआधी एखाद्या शनिवारी हातात टॉर्च घेऊन घरभर फिरलात तर यातले बहुतेक तुम्हीच दुरुस्त कराल. तुमच्या घराच्या बाबतीत एकच गोष्ट खरोखर गंभीर आहे. घर १९७८ च्या आधीचे असेल आणि त्यात सहा वर्षांखालचे मूल राहणार असेल, तर सुटलेला, पोपडे आलेला रंग चालत नाही, कारण त्या काळच्या रंगात शिसे असू शकते. शिवाय अशा भाड्याच्या घरांची शिशासाठी तपासणी करण्याचा न्यू जर्सीचा स्वतंत्र नियम २०२२ पासून लागू आहे आणि तो व्हाउचर असो वा नसो, तुम्हाला पाळावाच लागेल. चार वर्षांचे मूल खिडकीच्या कट्ट्यावर हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. ही तपासणी कोणी मागितली नसती तरी तुम्ही करावी असे मी म्हटले असते. पुढच्या काळात सर्वसाधारणपणे दोन वर्षांतून एकदा इन्स्पेक्टर येतो. जिवाला धोका असलेला दोष चोवीस तासांत, बाकीचे साधारण तीस दिवसांत दुरुस्त करायचे. तुमच्याकडून ते झाले नाही तर ऑथॉरिटी तुमचा हप्ता रोखते आणि तो तोटा भाडेकरूवर ढकलता येत नाही.

करारासोबत एक परिशिष्ट येते ते वाचल्याशिवाय सही करू नका. तुमच्या लीजमध्ये काहीही लिहिलेले असो, विसंगती आली तर त्या परिशिष्टाचे म्हणणे चालते. त्यातली एक बाब आपल्या लोकांसाठी मुद्दाम सांगते. मंजूर भाड्याच्या वर एक डॉलरही घ्यायचा नाही. ना रोखीने, ना ‘पार्किंगचे’ म्हणून, ना बाईंनी स्वतःहून देऊ केला म्हणून. आपल्याकडे पागडी आणि वरचे पैसे यांची इतकी सवय आहे की तीस डॉलरचा तो फरक ‘आपापसांत’ मिटवावा असे कोणाला तरी सुचेलच. इथे ती फसवणूक ठरते, तुमचीही आणि त्यांचीही, आणि त्यात त्यांचे व्हाउचर जाते.

पत्रात तुम्ही ‘समाजसेवा’ हा शब्द वापरला आहे, त्याबद्दलही बोलायला हवे. तुम्ही बाजारभावाने भाडे घेणार, डिपॉझिट घेणार, लीज करणार. यात उपकार कुठे आला? आणि सरकारी पैशावर राहणारे लोक म्हणून कोणी नाक मुरडत असेल, तर त्यांना त्यांच्या टॅक्स रिटर्नची आठवण करून द्या. तुम्ही त्या टाउनहाउसच्या इमारतीची किंमत साडेसत्तावीस वर्षांत घसारा म्हणून वजा करता, त्यावरच्या कर्जाचे व्याज खर्चात दाखवता. घरासाठी सरकारी मदत आपल्यालाही मिळते. ती आपल्या फॉर्मवर येते, त्यांची व्हाउचरवर. शिवाय आपली वजावट पात्र असलेल्या प्रत्येकाला मिळते, तर भाडेमदत पात्र कुटुंबांपैकी सुमारे चौघांतल्या एकालाच, कारण अमेरिकेची काँग्रेस, म्हणजे संसद, दरवर्षी जेवढा निधी मंजूर करील तेवढीच व्हाउचर चालतात. ही मदत हक्काची नाही, हीच या योजनेतली मला सर्वात खुपणारी गोष्ट आहे.

म्हणून या आठवड्यात करायचे ते असे. त्या बाईंना आजच फोन करा आणि व्हाउचरवरची अंतिम तारीख विचारा. व्हाउचर हाती आल्यावर घर शोधायला सुरुवातीला किमान साठ दिवस मिळतात, मुदतवाढ देणे ऑथॉरिटीच्या मर्जीवर असते, आणि तुमच्या ‘कळवते’मध्ये गेलेला प्रत्येक दिवस त्यांच्या खात्यातून वजा होतो आहे. त्यांच्या केसवर्करचे नाव घ्या आणि पेमेंट स्टँडर्ड, विजेगॅसचा अंदाज, तपासणीला सध्या लागणारा वेळ हे त्या कचेरीला स्वतः विचारा. इतर इच्छुकांना लावाल तीच चौकशी त्यांची करा आणि त्याची टिपणे ठेवा. बाईंच्या आधी कोणी रीतसर अर्ज केला असेल आणि तो तुमच्या नेहमीच्या कसोट्यांवर उतरत असेल, तर त्याला घर द्यायला हरकत नाही. फक्त तो क्रम कागदावर दिसला पाहिजे. टाउनहाउसच्या असोसिएशनचे भाड्याबद्दलचे नियम असतील तेही पाहून ठेवा. शंका उरलीच तर घरभाड्याचे कायदे जाणणाऱ्या वकिलाचा एक तास घ्या. सदर वाचून करार करू नये.

यजमानांशी बोलताना कायद्याचा धाक पुढे करू नका, हिशोबाचा कागद पुढे करा. त्यांची भीती रिकाम्या महिन्याची असेल तर ती रास्त आहे आणि तिच्यावर उपाय आहे. ‘तसल्या लोकांची’ असेल, तर त्या बाईंचा फोल्डर त्यांनी पाहिलेला नाही, तुम्ही पाहिला आहे.

हे सदर वाचणारे सगळेच घरमालक नाहीत, आणि या विषयावर दुसऱ्या बाजूनेही पत्रे येतात: मुलाने ग्रीन कार्डवर आणलेले, आता एकटे राहू पाहणारे आईवडील, घटस्फोटानंतर मुलांसह कमी पगारात राहणाऱ्या बायका. त्यांना एवढेच सांगते. ग्रीन कार्डधारक या मदतीस अपात्र नसतात. कुटुंबात काहीजण पात्र आणि काही नसतील तर मदत त्या प्रमाणात कमी होते. इमिग्रेशनवर याचा काय परिणाम होईल याबद्दलचे नियम मात्र बदलत राहिले आहेत, तेव्हा अर्जाआधी त्या विषयाच्या वकिलाला विचारा. भारतातला फ्लॅट, तिथल्या ठेवी आणि मुलगा दरमहा देतो ते पैसे अर्जात दाखवावे लागतात. ‘तिकडचे इथे कोण बघतो’ हा विचार करू नका. आईच्या नावाचे व्हाउचर घेऊन तिला स्वतःच्याच दुसऱ्या घरात भाडेकरू ठेवण्याची युक्ती अनेकांना सुचते, पण आईवडील, मुले, भावंडे, आजीआजोबा आणि नातवंडे यांच्या घराला ही मदत मिळत नाही; अपंगत्वामुळे खास सोय लागत असेल तरच अपवाद होतो. बासष्ट वर्षांवरच्यांनी व्हाउचरच्या जोडीला ज्येष्ठांसाठीच्या अनुदानित इमारतींची चौकशी करावी. १९५९ च्या कायद्यातल्या कलम २०२ खाली बांधलेल्या अशा इमारती आहेत, प्रत्येकीची प्रतीक्षायादी वेगळी असते आणि एकाच वेळी अनेक याद्यांत नाव घालता येते. व्हाउचरच्या याद्या बहुतेक काळ बंद असतात, थोडे दिवस उघडतात आणि मग पुष्कळदा लॉटरी काढतात, म्हणून जवळपासच्या सगळ्या ऑथॉरिट्यांच्या वेबसाइट अधूनमधून पाहत राहा. अर्ज करायला पैसे लागत नाहीत. कोणी मागितले तर तो भामटा समजावा. आणि यादीत नाव लागल्यावर घर बदलले, तर नवा पत्ता त्या कचेरीला लेखी कळवा, कारण वर्षांनंतर पाठवलेले पत्र परत आले की यादीतून नाव कमी होते आणि पुन्हा शेवटी उभे राहावे लागते.